पीएस ५ की वेगळा डिस्क प्लेअर? आधी कपाट उघडून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घर पुण्यात, टीव्ही नवा ५५ इंची एलजी ओएलईडी, खाली साउंडबार. जुना डीव्हीडी प्लेअर बंद पडलाय. कपाटात दोनेकशे डिस्क आहेत: नाटकांच्या व्हीसीडी, सिनेमांच्या डीव्हीडी, आईंच्या नाट्यसंगीताच्या ऑडिओ सीडी, आणि न्यू जर्सीच्या धाकट्या भावाने वेळोवेळी आणलेल्या दहा-बारा ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राच्या डिस्क). मुलाला गेम खेळायचेत. भाऊ दिवाळीला येतोय, तर त्याला पीएस ५ (सोनीचा गेम कन्सोल, ज्यात डिस्कही चालतात) आणायला सांगावं की पॅनासॉनिकचा यूबी८२० हा वेगळा ब्लू-रे प्लेअर? त्यात दोघा-तिघांनी तुम्हाला सांगितलंय की पीएस ५ सगळंच वाजवतो, वेगळा प्लेअर म्हणजे पैसे पाण्यात.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. भावाला दोन्हींपैकी काहीच आणायला सांगू नका. पीएस ५ मुलासाठी इथेच घ्या, डिस्क ड्राइव्ह असलेला. व्हीसीडी आणि सीडींसाठी साधा, काही हजारांतला डीव्हीडी प्लेअर घ्या. यूबी८२० उत्तम आहे, पण तो ज्या ४के ब्लू-रेंसाठी (साध्या ब्लू-रेहून जास्त बारकाव्याचं चित्र असलेल्या डिस्क) बनलाय त्या तुमच्या कपाटात आज जवळपास नाहीतच.

"पीएस ५ सगळंच वाजवतो" हे खरं नाही. तो ४के ब्लू-रे, साधी ब्लू-रे आणि डीव्हीडी वाजवतो. ऑडिओ सीडी वाजवत नाही, व्हीसीडी तर नाहीच. थ्रीडी ब्लू-रेसुद्धा नाही. म्हणजे आईंच्या नाट्यसंगीताच्या सीडी तुम्ही त्यात सरकवल्यात तर तो सरळ नकार देणार. तुमच्या कपाटाचा मोठा हिस्सा सीडी आणि व्हीसीडींचाच दिसतोय, आणि सल्ला देणाऱ्यांनी तोच विचारात घेतलेला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त सिनेमे असतात.

तरी त्यांचा सल्ला हवेतून आलेला नाही. एके काळी तो शंभर टक्के बरोबर होता. २००० साली पीएस २ आला तेव्हा जपानमध्ये कित्येकांनी तो डीव्हीडी प्लेअर म्हणूनच घेतला. २००६ साली सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर अमेरिकेत हजार डॉलरला होता, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पीएस ३ आला तो ५०० आणि ६०० डॉलरला. शिवाय तो इंटरनेटवरून सुधारत गेला. २०१० मध्ये थ्रीडी ब्लू-रेची सोय त्यात नुसत्या सॉफ्टवेअर अपडेटने आली. तेव्हा वेगळा प्लेअर घेणाऱ्याला लोक हसायचे. २०१६ ला पुन्हा तेच घडलं: मायक्रोसॉफ्टचा कन्सोल एक्सबॉक्स वन एस २९९ डॉलरपासून मिळत होता आणि ४के ब्लू-रे वाजवत होता, तर त्या वर्षीचा सॅमसंगचा ४के प्लेअर आला तेव्हा ३९९ डॉलरचा होता. गंमत म्हणजे ब्लू-रे जन्माला घालणाऱ्यांत जी सोनी होती, तिच्याच त्या वर्षीच्या पीएस ४ प्रोमध्ये ४के डिस्कची सोय नव्हती.

पुढे कन्सोल कंपन्यांचा डिस्कमधला रस आटला. गेम डाउनलोडवर गेले, सिनेमे स्ट्रीमिंगवर. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये ड्राइव्ह नाही, पीएस ५ प्रोमध्ये नाही, पीएस ५ च्या डिजिटल आवृत्तीत नाही. जिथे ड्राइव्ह आहे तिथेही तो मुख्यतः गेमसाठी आहे, सिनेमा जाता जाता. त्यामुळे २००८ चा सल्ला आज तसाच्या तसा देणं धोक्याचं.

आता चित्राकडे येऊ, कारण तुमचा टीव्ही ओएलईडी आहे आणि इथे फरक खरंच पडतो. उजेड-अंधाराचे आणि रंगांचे बारकावे वाढवणाऱ्या तंत्राला एचडीआर म्हणतात. एचडीआर१० हा त्याचा साधा प्रकार, डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे प्रसंगागणिक जुळवून घेणारे. पीएस ५ एचडीआर१० देतो. डॉल्बी व्हिजन देत नाही, कोणत्याच गोष्टीसाठी. एक्सबॉक्स सिरीज एक्स गेम आणि स्ट्रीमिंग ॲपमध्ये डॉल्बी व्हिजन देतो, पण ४के डिस्क लावली की तोही एचडीआर१० वरच येतो. यूबी८२० डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ दोन्ही देतो. तुमचा एलजी यांपैकी डॉल्बी व्हिजन ओळखतो, एचडीआर१०+ ओळखत नाही. (सॅमसंगवाल्यांचं नेमकं उलट. त्यांच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नाहीच, तेव्हा त्यांनी पीएस ५ वर त्या कारणाने नाराज व्हायची गरज नाही.) सोनीच्या यूबीपी-एक्स७०० मध्ये डॉल्बी व्हिजन आहे, पण मेन्यूत जाऊन ते स्वतः चालू-बंद करावं लागतं, डिस्क बघून तो आपोआप ठरवत नाही. मला हा प्रकार वैतागवाणा वाटतो.

पण हे सगळं ४के डिस्कबद्दल झालं. डीव्हीडी आणि साध्या ब्लू-रेमध्ये एचडीआर नसतंच. तिथे पीएस ५ आणि यूबी८२० यांतला फरक तुमच्या सोफ्यावरून शोधून काढावा लागेल. पॅनासॉनिक डीव्हीडी थोडी जास्त नीटस करून दाखवतो, एवढंच.

आवाजाचा भाग जरा किचकट आहे, आणि लोक नेमके तिथेच अडकतात. एलजीच्या २०२० ते २०२२ च्या ओएलईडी टीव्हींत, म्हणजे सीएक्स, सी१, सी२ या मालिकांत, डीटीएस (डिस्कवर आवाज साठवायची एक पद्धत) ओळखायची सोय काढून टाकली होती. सी३ आणि सी४ मध्ये ती परत आली, २०२५ च्या मालिकांत पुन्हा गेली. बऱ्याच ब्लू-रेवर मुख्य आवाज डीटीएसमध्येच असतो. समजा टीव्ही डीटीएस नसलेल्या वर्षांतला आहे, प्लेअर टीव्हीला जोडलाय आणि टीव्हीतून ईआर्कने (एचडीएमआय वायरीतूनच आवाज पुढे पाठवायची सोय) साउंडबारला आवाज जातोय. डिस्क लावली की चित्र येतं, आवाज गायब. माणूस प्लेअरला शिव्या घालतो. उपाय दोन. पीएस ५ असेल तर सिनेमा चालू असताना ऑप्शन्सचं बटण दाबून सेटिंगमध्ये ऑडिओ फॉरमॅट "लिनियर पीसीएम" ठेवा. मग डीटीएस कन्सोलच उलगडतो आणि टीव्हीला साधा आवाज जातो. डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही येणारा आवाज, हवा असेल तर तिथेच "बिटस्ट्रीम" (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) निवडावं लागतं. दुसरा उपाय यूबी८२० चा: त्याला एचडीएमआयचे दोन आउटपुट आहेत, चित्राची वायर टीव्हीला आणि आवाजाची थेट साउंडबारला. टीव्ही मध्ये पडतच नाही. कन्सोलला एचडीएमआयचं एकच भोक. तुमच्या साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल तर हा प्रश्न तसाही सुटतो, तेवढं मागे वाकून बघून घ्या.

आता भावाच्या बॅगेबद्दल. ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत. अमेरिका, जपान, आग्नेय आशिया 'ए'मध्ये. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया 'बी'मध्ये. भारत, चीन, रशिया 'सी'मध्ये. डीव्हीडीत अमेरिका १, भारत ५. गेम पीएस ५ वर कुठलाही चालतो, पण सिनेमाच्या डिस्कना त्याचा विभाग लागू होतो. म्हणून इथला पीएस ५ 'ए'ला बांधलेली ब्लू-रे वाजवणार नाही. तुमच्या दहा-बारा ब्लू-रे काढा आणि मागची पृथ्वीगोलाची खूण बघा. वॉर्नर आणि पॅरामाउंटच्या बहुतेक ब्लू-रे विभागमुक्त असतात, त्या इथे मजेत चालतील. क्रायटेरियन या निवडक सिनेमे काढणाऱ्या कंपनीच्या अमेरिकन ब्लू-रे मात्र 'ए'ला बांधलेल्या असतात. ४के डिस्कला विभागच नाही, जगात कुठेही घ्या आणि कुठेही लावा. यापुढे भावाला सांगायचं तर एवढंच सांगा: ब्लू-रे आणू नकोस, त्याच सिनेमाची ४के आवृत्ती आण.

मग पीएस ५ तिकडूनच आणला तर? त्याला १०० ते २४० व्होल्ट चालतात, त्यामुळे विजेचा प्रश्न नाही. पण वॉरंटी इथे कोण पाळणार? आणि अमेरिकेसाठी बनलेली यंत्रं पॅल (भारत-युरोपातली टीव्ही-चित्राची पद्धत) डीव्हीडीला बहुधा नकार देतात. आपल्याकडच्या कित्येक डीव्हीडी पॅल आहेत, कव्हरच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे दहा-बारा ब्लू-रे चालाव्यात म्हणून घरातल्या ढीगभर डीव्हीडी अडकवून घ्यायच्या. तिकडचा यूबी८२० आणलात तर तीच अडचण, वर वीज १२० व्होल्टची. २३० च्या प्लगमध्ये घातलात की संपला. ट्रान्सफॉर्मर लावून चालवणारे आहेत, पण ५०० डॉलर छापील किमतीच्या यंत्राला कायम ट्रान्सफॉर्मरची शेपटी बाळगायची हौस मला नाही.

पीएस ५ स्लिम एप्रिल २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० आणि डिजिटल ४४,९९० रुपयांना होता. दहा हजार वाचवायचा मोह होईल. करू नका, कारण वेगळा ड्राइव्ह विकत घेऊन जोडल्याशिवाय डिजिटलमध्ये तुमची एकही डिस्क जाणार नाही, आणि मुलाला मित्राकडून गेमची डिस्क उसनी आणता येणार नाही, खेळून झाल्यावर विकताही येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत येत नाही. आईंना दुपारी नाटक बघायचं असेल तर त्यांच्या हातात कंट्रोलर द्यायचा का? पीएस ५ ला साध्या रिमोटचा इन्फ्रारेड डोळा नाही. टीव्हीचा रिमोट एचडीएमआयवरून थोडंफार काम करतो, थांबव-चालू कर इतपत. पण मुलगा गेममध्ये असताना आईंनी नाटक लावायचं म्हटलं तर घरात तिसरंच नाटक सुरू होईल. साध्या डीव्हीडी प्लेअरला रिमोट असतो, त्यावर मोठं प्लेचं बटण असतं, विषय संपला. विजेचं म्हणाल तर सिनेमा दाखवताना कन्सोल साध्या प्लेअरच्या कितीतरी पट वीज खातो, पण महिन्याला चार सिनेमे बघणाऱ्याच्या बिलात ते दिसायचं नाही.

डीव्हीडी प्लेअर घेताना खोक्यावर "व्हीसीडी" स्पष्ट लिहिलेलं हवं आणि मागे एचडीएमआय हवं. नव्या टीव्हींत लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींची जागा एक तर गेलीय किंवा वेगळी छोटी पिन लागते. महागड्या ४के प्लेअरमध्येही व्हीसीडी चालेलच असं धरून चालू नका, मॅन्युअलमधली यादी वाचा.

पण व्हीसीडीच्या बाबतीत प्लेअर हा दुय्यम मुद्दा आहे. मला तुमच्या कपाटातली खरी काळजी तिथे वाटते. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा घराघरात ढीग लागले. ती कंपनी आज नाही. मुंबईचं ऱ्हिदम हाऊस हे सीडी-डीव्हीडींचं जुनं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. सिनेमे कुठल्या ना कुठल्या ॲपवर सापडतात, पण नाटकांची कित्येक रेकॉर्डिंग फक्त त्या चकत्यांवर आहेत, आणि सीडीच्या वरच्या बाजूचा पातळ धातूचा थर ओरखड्याने किंवा दमटपणाने गेला की आतली माहिती गेली. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या डिस्क तुम्हीही बघितल्या असतील.

व्हीसीडीला कुलूप नसतं. यूएसबीला लागणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह संगणकाला जोडा, डिस्कमधलं "एमपीईजीएव्ही" नावाचं फोल्डर उघडा, आतली मोठी "डॅट" फाइल हार्ड डिस्कवर कॉपी करा. व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये ती तशीच चालते. टीव्हीला पेनड्राइव्हवरून दाखवायची तर फाइलच्या नावाचं शेपूट बदलून "एमपीजी" करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. एका चकतीवर जेमतेम ७४ मिनिटं बसतात, म्हणून नाटक दोन-तीन चकत्यांवर असतं. फाइलींना अंक-क्रमाने नावं द्या, नाहीतर तिसरा अंक आधी लागतो. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं आहे, ५५ इंचांवर ते चौकोनी चौकोनी दिसणारच. कुठलाच प्लेअर त्याचं सोनं करणार नाही. ऑडिओ सीडी त्याच ड्राइव्हने फ्लॅक फाइल करून ठेवा, दर्जा तसूभर कमी होत नाही.

यूबी८२० चा विचार पुढेमागे करायचा असेल तर एक लक्षात घ्या, वेगळ्या प्लेअरचा बाजार आटत चाललाय. ओप्पोने एप्रिल २०१८ मध्ये प्लेअर बंद केले. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवीन मॉडेल आणणार नाही म्हणून सांगितलं. एलजीने २०२४ च्या शेवटी गाशा गुंडाळला. उरले मुख्यतः पॅनासॉनिक आणि सोनी. तेव्हा भावाने पुढच्या दोन खेपांत पंधरा-वीस ४के डिस्क आणल्या आणि तुम्हाला त्याची चटक लागली, तर फार वर्षं थांबू नका. २३० व्होल्टचा यूबी८२० शोधा आणि घ्या. ४के डिस्कवर १०० जीबीपर्यंत माहिती असते आणि ती सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत वाहते. स्ट्रीमिंगचं ४के साधारण १५-१६ मध्ये भागवतं. काळोखाच्या प्रसंगांत ओएलईडीवर हा फरक कुणालाही दाखवावा लागत नाही. तोपर्यंत त्या डिस्क पीएस ५ वर बघा, डॉल्बी व्हिजनशिवायही त्या स्ट्रीमिंगपेक्षा सरसच दिसतात.

टीव्हीचं नेमकं मॉडेल आणि साउंडबारच्या मागचा फोटो टाका, वायर कुठली कुठे लावायची ते सांगतो. आणि 'ए'ची खूण असलेल्या ब्लू-रे किती निघाल्या तेही लिहा. दोन-तीनच असतील तर त्यांच्यासाठी काहीही विकत घेऊ नका, भावालाच त्या परत न्यायला सांगा आणि बदल्यात ४के मागा.