‘अनचार्टेड’ चित्रपट आवडला, पण गेम एकही खेळलेला नाही. भारतात घडणाऱ्या ‘लॉस्ट लेगसी’पासून सुरुवात केली तर चालेल का? कादंबरी, कॉमिक्स वगैरे घेण्यासारखं आहे का?

चालेल. पीसीवर खेळणार असाल तर तिथूनच करा.

पीसीचं आधी सांगतो, कारण क्रम त्यावरच ठरतो. या मालिकेतले दोनच गेम पीसीवर आले आहेत: चौथा भाग ‘अ थीफ्स एंड’ (२०१६) आणि ‘द लॉस्ट लेगसी’ (२०१७). ऑक्टोबर २०२२पासून दोन्ही ‘लेगसी ऑफ थीव्ह्ज’ या एकाच संचात मिळतात. पहिले तिन्ही भाग अजून प्लेस्टेशनवरच आहेत. आता चौथा भाग म्हणजे मालिकेचा नायक, खजिने शोधणारा नेथन ड्रेक, याचा निरोपसमारंभ. एलेनाशी झालेलं लग्न, तिच्याशी बोललेलं खोटं, त्याला वाढवणाऱ्या सलीबरोबरची जुनी मैत्री, सगळं मागच्या तीन भागांवर उभं आहे. ज्यांना कधी भेटलोच नाही त्यांच्या निरोपसमारंभात बसून डोळे काय पाणावणार? ‘लॉस्ट लेगसी’त ड्रेक नाहीच. क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस या दोघींची ही गोष्ट आहे, आणि सात-आठ तासांत संपते. चौथ्या भागातलं एक पात्र मध्येच उगवतं, तेवढ्यापुरता थोडा गोंधळ होईल, बस.

भारताचं म्हणाल, तर गेम एका नाव नसलेल्या, यादवी पेटलेल्या शहरात सुरू होतो आणि लवकरच पश्चिम घाटात शिरतो. शोध कशाचा, तर गणपतीच्या तुटलेल्या दाताचा. शंकराच्या भेटीला आलेल्या परशुरामाला गणपतीने दारात अडवलं, परशुरामाने परशू उगारला, आणि तो परशू आपल्याच वडिलांनी दिलेला म्हणून गणपतीने वार परतवला नाही, दातावर झेलला. एकदंताची ही कथा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, त्यात चिपळूणजवळ परशुरामाचं देऊळ पाहिलेलं असेल तर नाहीच नाही. पण कॅलिफोर्नियातल्या नॉटी डॉग कंपनीने ती सजावटीपुरती वापरलेली नाही. क्लोईचे वडील याच दाताच्या मागे लागून जीव गमावून बसले, आणि आता तिच्यापुढेही तोच प्रश्न आहे: वार कुठे झेलायचा आणि कशासाठी. पुराणातली गोष्ट पात्राच्या मनापर्यंत पोचते, हे मला फार आवडलं.

भूगोल मात्र मनावर घेऊ नका. गेममध्ये कर्नाटकातल्या हळेबीडू आणि बेलूर या गावांची नावं येतात, तिथलं जुनं होयसळ राजघराणं येतं, पण दिसतात ते डोंगराएवढे पुतळे, धबधबे आणि पाण्याखाली दडलेल्या यंत्रणा. खरी होयसळ देवळं अगदी उलट स्वभावाची. ताऱ्याच्या आकाराचा जोता, मऊ दगड, आणि त्यात दागिने घडवावेत इतकं बारीक कोरीव काम. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ सालचं, विष्णुवर्धनाच्या काळातलं. हळेबीडू तिथून जेमतेम १५-१६ किलोमीटर. सोमनाथपूरसह ही देवळं २०२३मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. गेम संपल्यावर कर्नाटकातल्या हासनला एक चक्कर टाका. भव्यता शोधायला गेलात तर निराश व्हाल, डोळे भिंतीजवळ नेलेत तर हलणार नाही.

क्लोई अर्धी भारतीय आहे, पण तिचा आवाज आणि हेल ऑस्ट्रेलियन, कारण क्लॉडिया ब्लॅक ही ऑस्ट्रेलियन अभिनेत्री ती भूमिका २००९च्या दुसऱ्या भागापासून करते आहे. नदीन ही दक्षिण आफ्रिकेतली कृष्णवर्णीय स्त्री, आणि आवाज लॉरा बेली या गोऱ्या अमेरिकन अभिनेत्रीचा. यावर चाहत्यांमध्ये बरीच जुंपली होती, आणि टीका मला रास्त वाटते. तरी दोघींचं काम उत्तम आहे. जीपमधून चिखल तुडवत जाताना त्या एकमेकींना टोमणे मारतात, मध्येच नदीन प्राण्यांबद्दलचं ज्ञान पाजळते, आणि अविश्वास कधी गळून पडला ते कळत नाही. माझ्या मते ही मालिका म्हणजे हेच. खजिना आणि कोसळणारे पूल हे निमित्त. खरी मजा वाटेतल्या बडबडीत.

चित्रपट मला बेताचा वाटला तो यामुळेच. विमानातून लोंबकळण्याचा प्रसंग तिसऱ्या गेममधून जवळजवळ जसाच्या तसा उचललाय, पण गेममधला सली कोलंबियात पंधराएक वर्षांच्या ड्रेकला भेटतो आणि हळूहळू त्याचा बापच होतो. चित्रपटात तो न्यूयॉर्कच्या बारमध्ये येऊन एक तगडा सहकारी भरती करून घेतो. नातंच बदललं! जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर कमावले, तेव्हा माझ्या मताने कुणाचं काही अडत नाही. किनाऱ्यावर खुर्चीत पहुडलेला जो माणूस ‘माझ्याबरोबरही असं झालं होतं’ छापाचं बोलतो, तो नोलन नॉर्थ, म्हणजे गेममधल्या ड्रेकचा मूळ आवाज. थिएटरात शिट्टी कुणी का मारली, ते आता कळेल.

त्यापेक्षा २०१८चा फॅन-चित्रपट बघा. अभिनेता नेथन फिलियनला ड्रेक करा, अशी चाहत्यांची वर्षानुवर्षं मागणी होती. दिग्दर्शक ॲलन उंगरने ती परस्पर पुरी केली आणि पंधराएक मिनिटांचा चित्रपट फुकटात यूट्यूबवर टाकला. एका मारामारीत कॅमेरा गेमसारखाच ड्रेकच्या खांद्यामागे जातो. सलीच्या भूमिकेत स्टीफन लँग, आणि मालिकेची नस या लोकांना स्टुडिओपेक्षा बरी सापडली आहे.

‘द फोर्थ लॅबिरिन्थ’ (२०११) ही ख्रिस्तोफर गोल्डनची कादंबरी प्रवासात वाचायला ठीक. डीसीची कॉमिक्स संग्राहकांसाठी, शोधत बसू नका.

कुणाकडे पीएस४ किंवा पीएस५ असेल तर मात्र माझा सल्ला बदलेल. ‘द नेथन ड्रेक कलेक्शन’मध्ये पहिले तिन्ही भाग आहेत, पहिल्यातल्या गोळीबाराचा कंटाळा आला तर सोपी पातळी लावून उरका आणि दुसऱ्यावर या. कड्यावर लटकणाऱ्या रेल्वेडब्यापासून तो जो पकडतो तो सोडत नाही. त्यात तेन्झिन नावाचा वाटाड्या भेटेल. तो तिबेटी बोलतो आणि खाली भाषांतर येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन शोधू नका, ड्रेकलाही काही कळत नसतं.