वाचकांचे प्रश्न : छर्‍यांचं शिसं आणि चांदीची मूस

प्रश्न : मुलगी कोल्हापुरात १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. आठवड्याला ५०० छर्‍यांचा डबा संपतो. आमचं चांदीचं काम, त्यामुळं मूस आणि भट्टी घरचीच. वापरलेले छर्रे वितळवून नवे पाडता येतील का? (एक वाचक, हुपरी)

उत्तर : नाही, आणि तुमच्या भट्टीत तर मुळीच नाही. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, चांदी ९६२ वर. शिसं वितळवलेल्या मुशीला थोडं चिकटून राहतंच. पुढच्या खेपेला त्याच मुशीत चांदी तापली की त्या शिशाचा धूर होतो आणि भट्टीपाशी बसलेल्याच्या छातीत जातो. उरलेलं चांदीत उतरतं. अशी चांदी ठिसूळ होते, ठोकताना कडेला तडकते. डबाभर छर्‍यांचं शिसं भरतं जेमतेम पाव किलो. तेवढ्यासाठी पैंजणांचा माल बिघडवायचा?

शिवाय ओतून चांगला छर्रा होत नाही. कारखान्यात शिशाच्या तारेचे तुकडे थंडच साच्यात दाबतात. डोकं ४.५ मिमी, कंबर बारीक, मागचा घेर पोकळ आणि पातळ. हवेचा दाब आला की हा घेर फुलून नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पीळदार खाचांना, घट्ट बसतो. घरच्या ओतकामात तो एका बाजूला जाड, दुसरीकडं अर्धवट भरलेला निघतो. हवा निसटते, प्रत्येक छर्‍याचा वेग वेगळा. निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं, त्यात हात चुकला की छर्रा, हेच मुलीला कळणार नाही.

(पिस्तुलाची खरी काडतुसं घरी भरण्याबद्दलही पत्रं येतात. परवान्याशिवाय तो १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. विषय संपला.)

पैसे वाचवायचे तर निम्मा सराव कोरडा, म्हणजे छर्रा न भरता करा. स्पर्धेच्या पिस्तुलात अशा कोर्‍या ट्रिगरची (ड्राय फायर) सोय असते. नळी रिकामी असल्याची खात्री करून कोर्‍या भिंतीसमोर उभं राहायचं, नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या माशीवर. ट्रिगर सुटताना साइट हलली तर तिथंच दिसते. छर्रा असला की नजर आधी निशाणाकडं धावते आणि चूक निसटते. रोज वीस मिनिटं पुरेत.

शिसं विषारी, म्हणून ट्रॅप (निशाणामागची छर्रे अडवणारी पेटी) कोरड्या झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. छर्रे भरताना एखादा ओठांत धरायची पोरांना सवय असते, ती मोडा. खाण्याआधी साबणानं हात. जुनं शिसं झाकणाच्या डब्यात, कामाच्या खोलीबाहेर साठवा आणि बॅटरीचं शिसं घेणार्‍या अधिकृत व्यावसायिकाला द्या.