मुंबईत फोटोग्राफीची प्रदर्शनं कुठे बघावीत? सगळे फोटो फोनवर दिसत असताना मुद्दाम जाण्यात अर्थ आहे का?

मी डोंबिवलीकर. महिन्यातला एखादा शनिवार दक्षिण मुंबईत, काळा घोड्याच्या गॅलऱ्यांत जातो. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

फोनवर सगळं एकाच मापाचं. हिमालय तळहाताएवढा, मुंगीही तळहाताएवढी. भिंतीवरचा फोटो केवढा असावा हे मात्र काढणाऱ्याने ठरवलेलं असतं. काही वर्षांपूर्वी ससून डॉकचे कृष्णधवल फोटो बघितले होते. त्यात एका कोळणीचा फोटो, चांगला तीन फूट रुंद. लांबून नुसती टोपली उचलणारी बाई. जवळ गेलो तेव्हा कोपरापर्यंत चिकटलेले खवले दिसले, पाण्याने सुरकुतलेली बोटं दिसली. तोच फोटो टेबलावरच्या निमंत्रणपत्रिकेवर होता, तिथे खवल्यांचा पत्ता नाही! फोटोग्राफर कोपऱ्यात डबा खात बसले होते. विचारलं तर म्हणाले, "चकचकीत कागद घेतला असता तर दिव्याखाली खवले हरवले असते, म्हणून मॅट घेतला." अशा गप्पा फोनवर कुठून मिळणार? बहुतेक फोटोग्राफर गॅलरीत कंटाळून बसलेले असतात. बिनधास्त विचारा.

आता कुठे जायचं ते. सुरुवात काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीपासून करा. प्रवेश फुकट, वेळ अकरा ते सात. प्रदर्शनं बहुधा मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात, तेव्हा सोमवारी संध्याकाळी गेलात तर आवराआवरच बघायला मिळेल. खालच्या दालनांत पेंटिंग्ज जास्त. गच्चीवरची टेरेस गॅलरी लोक विसरतात, फोटो बहुतेक तिथेच असतात.

समोरच्या चौकापलीकडे एनजीएमए, म्हणजे सरकारी आधुनिक कला संग्रहालय. तिकीट आहे, सोमवारी बंद. तिथे कायम फोटो नसतात, पण असतात तेव्हा मोठं काम असतं. होमाई व्यारावालांचे फोटो मी तिथेच बघितले. या बाई जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी, देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर. नरिमन पॉइंटला एनसीपीए या नाटक-संगीताच्या केंद्राच्या आवारात पिरामल गॅलरी आहे, ती खास फोटोग्राफीसाठीच. नाटकाला जाणारे लोक तिच्यावरून नुसते पुढे जातात.

कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांची बेल वाजवायला आपल्याला उगाच संकोच वाटतो. कोणीही 'विकत घेणार का' म्हणून विचारत नाही. प्रिंटच्या कडेला पेन्सिलीने ३/१० असं काही लिहिलेलं दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की या फोटोच्या दहाच प्रती काढायच्या ठरल्यात आणि ही तिसरी. किंमत कागदावर असते. वाचून घाम फुटतो, पण वाचायला पैसे पडत नाहीत.

एका दिवसात दोनच प्रदर्शनं बघा. तिसऱ्यात डोळे नुसते फिरतात. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ला बंद झालं, तेव्हा मध्ये टेकायचं असेल तर चहा बाहेरच शोधावा लागेल.

आणि हो, पांढरा शर्ट घालून जाऊ नका. एका गॅलरीत काळसर फोटोंवर साधी काच होती आणि प्रत्येक फोटोत मला माझाच शर्ट दिसत होता. शेवटी भिंतीला जवळजवळ गाल लावून तिरकं बघितलं. तेव्हापासून प्रदर्शनाला मी गडद निळा शर्टच घालतो. तो आता कॉलरला विटलाय, पण बायकोलाही कळलंय की तो टाकायचा नाही.