फ्रीजचे दार आणि साडेसातचा इशारा

आईवडील एकटे राहत असलेली आणि स्वतः परगावी किंवा परदेशी असलेली मुले समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: घरात कॅमेरा लावणे बरे वाटत नाही, पण नुसते सेन्सर बसवले, तर तीही त्यांना पाळतच वाटेल का? या प्रश्नाला मी हल्ली सुमनताईंची हकिकत सांगते. त्यांची आणि त्यांच्या मुलाची परवानगी घेतलेली आहे. नावे व ओळखीच्या खुणा बदललेल्या आहेत.

सुमनताई ७६ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. सांगलीतल्या छोट्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहतात आणि मुलगा निखिल जर्मनीत असतो. दिवाळीत आला असताना त्याने घरात चार सेन्सर बसवले: एक स्वयंपाकघरात, एक झोपायची खोली आणि संडास यांच्यामधल्या बोळात, एक बाथरूमच्या दारावर आणि एक फ्रीजच्या दारावर. पहिले दोन माणसाच्या अंगातून निघणाऱ्या उष्णतेची हालचाल टिपतात. दारांवरच्या दोघांत एका बाजूला चुंबक आणि दुसऱ्या बाजूला इवलासा स्विच असतो, ते एकमेकांपासून दूर गेले की दार उघडल्याची नोंद होते. चित्र नाही, आवाज नाही. सकाळी साडेसातपर्यंत घरात काहीच हालचाल झाली नाही, तर निखिलच्या फोनवर इशारा वाजतो. हिवाळ्यात तिकडे तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात आणि तो फोन उशाशी घेऊनच झोपत असे.

“कॅमेरा मुद्दामच नाही लावला, मॅडम,” तो व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “तरी आई हल्ली माझ्याशी तुटक बोलते.” मी त्याला आदल्या आठवड्यातले फोनवरचे बोलणे आठवून सांगायला लावले. “रात्री चार वेळा उठलीस, का गं?” “दुपारी स्वयंपाकघरात गेलीच नाहीस, जेवलीस ना?” “बाथरूममध्ये पाऊण तास काय करत होतीस?” हे त्याने काळजीपोटीच विचारले होते, याबद्दल मला शंका नव्हती. पण तिसरे वाक्य उच्चारल्यावर तो स्वतःच थांबला.

सुमनताई मला एका दुपारी प्रत्यक्ष भेटल्या. सेन्सरबद्दल तक्रार करतील अशी माझी अपेक्षा होती, त्यांनी मात्र गंमत सांगावी तसे सांगितले, “मी साडेसहाला उठते, फ्रीजचं दार उघडते, बंद करते आणि परत जाऊन झोपते. त्याला कळतं आई उठली, मला तासभर मिळतो.” मग जरा वेळाने, पदराशी चाळा करत, “पस्तीस वर्षं शाळेच्या मस्टरवर सही केली. आता फ्रीजवर करते.”

या एका वाक्यात मला दोन गोष्टी दिसल्या आणि त्यांतली दुसरी अधिक गंभीर होती. आई दुखावली होती, हे तर खरेच. पण त्याहून मोठी अडचण अशी की, जी व्यवस्था तिच्या सुरक्षिततेसाठी केली होती, तिलाच ती आता रोज सकाळी खोटी साक्ष देत होती. एखाद्या दिवशी फ्रीज उघडून परत झोपल्यावर खरोखर काही झाले असते, तर ॲपने निखिलला सर्व ठीक असल्याचे सांगितले असते.

सेन्सरच्या नोंदीवर किती भिस्त ठेवायची, हेही आम्ही तिघांनी मिळून तपासले. धुणीभांड्याच्या मावशी आल्या की ॲपला वाटे सुमनताईच स्वयंपाकघरात वावरत आहेत. उलट, दुपारी त्या खुर्चीत पोथी वाचत बसल्या की त्या घरातच नाहीत असे दिसे. वीज गेली की वायफाय बंद आणि इशारा चालू. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ मध्ये वृद्धांच्या स्वावलंबनाचे मोजमाप मांडले, त्यात अंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, उठबस, मलमूत्रावर ताबा आणि आपल्या हाताने जेवणे या सहा गोष्टी आहेत. दारावरचा स्विच यांतली एकही मोजत नाही. रोजचा क्रम काही आठवड्यांत बदलतो आहे का, एवढीच शंका तो उपस्थित करू शकतो. एकेका रात्रीचा जाब विचारण्यासाठी तो उपयोगाचा नाही.

बोलता बोलता मी झोजिरुशी या जपानी कंपनीच्या किटलीबद्दल सांगितले. वृद्ध माणसाने चहासाठी ती वापरली की दूरच्या नातेवाइकाला ईमेल जाई, अशी सोय त्या कंपनीने २००१ मध्ये सुरू केली होती. सुमनताई लगेच म्हणाल्या, “ते बरं आहे. ती बाई चहा पिते तो स्वतःसाठी.” मला वाटते, त्या दिवशीचे समुपदेशन माझ्याऐवजी त्यांनीच केले.

त्यानंतरची मांडणी त्यांनी ठरवली. ॲप त्यांच्या फोनवर आले आणि नोंदींचा तपशील फक्त त्यांनाच दिसू लागला. इशाऱ्याची वेळ साडेआठ झाली. तो आधी त्यांच्या स्वतःच्या फोनवर, मग किल्ली ठेवलेल्या शेजारच्या वहिनींकडे, आणि अर्ध्या तासात कोणीच उत्तर दिले नाही तरच निखिलकडे जाईल, असे ठरले. वायफायचा डबा इन्व्हर्टरवर घेतला. फ्रीजवरचा सेन्सर काढला. निखिलला हे सोपे गेले नाही. पहिले पंधरा दिवस त्याने मला तीनदा विचारले की, त्याला निदान रात्रीच्या नोंदी तरी पाहता येतील का. मी त्याला आईलाच विचारायला सांगितले, आणि ते त्याने केले नाही.

महिन्याभराने सुमनताईंनी स्वतःहून बोळातल्या सेन्सरचा आलेख मला दाखवला. रात्रीच्या फेऱ्या खरोखरच वाढलेल्या होत्या. मुलाने विचारले तेव्हा त्यांनी “काही नाही रे” म्हणून विषय टाळला होता. आता तोच आलेख घेऊन त्या आपल्या डॉक्टरांकडे गेल्या. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी जी गोळी त्या रात्री जेवल्यावर घेत होत्या, ती डॉक्टरांनी सकाळी घ्यायला सांगितली. फेऱ्या कमी झाल्या. हे त्यांनी निखिलला रविवारच्या फोनवर सांगितले, तेही भाचीच्या लग्नाचे सगळे बोलून झाल्यावर.

बाथरूमच्या दारावरच्या सेन्सरचे मात्र अजून ठरलेले नाही. घसरून पडण्याचा धोका तिथेच जास्त, हे निखिलचे म्हणणे चुकीचे नाही. “तिथे तरी मला कोणी मोजू नका,” हे त्यांचे म्हणणेही मला खोडता येत नाही. तूर्त तिथे पकडायचा दांडा आणि न घसरणारी चटई आली आहे, सेन्सर टेबलाच्या खणात आहे, आणि निखिल येत्या दिवाळीत आला की आम्ही पुन्हा बसणार आहोत.