सायकलचं विचारा: स्टीलची हार्डटेल खरंच मऊ लागते का?

मागच्या अंकात मी माझ्या स्टीलच्या हार्डटेलबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, की ११ वर्षं तीच फ्रेम चालवतेय आणि अजून बदलावीशी वाटलेली नाही. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी, हार्डटेल म्हणजे पुढे सस्पेन्शनचा फोर्क असलेली पण मागे काहीच सस्पेन्शन नसलेली माउंटन बाइक.

प्रश्न: ताई, ६ वर्षं अॅल्युमिनियमची हार्डटेल चालवतोय. वेताळ टेकडी, बोपदेवच्या पलीकडचे कच्चे रस्ते, असं. उतरताना मागून असे दणके बसतात की घरी येईपर्यंत कंबर भरून येते. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात स्टील घे, स्टील दणका पितं. आता नुसत्या फ्रेमला ५०-६० हजार घालायचे म्हणजे जिवावर येतं हो. खरं काय ते सांगा. (कोथरूड, पुणे)

उत्तर: फक्त कंबरेसाठी फ्रेम बदलणार असाल तर जरा थांबा. मी स्टीलवर आले तेव्हा जुन्या अॅल्युमिनियम फ्रेमवरची चाकं, फोर्क, हँडल सगळं तसंच उचलून नव्या फ्रेमवर लावलं होतं आणि पहिल्याच दिवशी टेकडीवरून खाली आल्यावर मला इतका फरक वाटला की भेटेल त्याला सांगत सुटले. मग १५-२० दिवसांनी लक्षात आलं की जुन्या फ्रेममध्ये सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, ३१.६ मिलिमीटरची होती आणि नवीत २७.२ ची, म्हणजे बारीक, आणि बारीक पोस्ट बसल्यावर मागे थोडी लवते. त्यात दुकानात चाकं चढवताना टायरमध्ये हवाही आधीपेक्षा कमी भरली गेली होती. म्हणजे मी जे स्टीलचं म्हणून सांगत होते त्यातलं बरंचसं पोस्टचं आणि हवेचं होतं.

फ्रेमचा मागचा भाग त्रिकोण असतो, आणि त्रिकोण वरखाली फारसा दबतच नाही, मग तो कशाचाही असो. तुमचा २.३ इंची टायर मात्र एका दगडावर बोटभर दबतो. म्हणून आधी हवा बघा. आपल्याकडे पंक्चरवाला किंवा पेट्रोल पंपावरचा मुलगा ४०-५० पीएसआय भरून मोकळा होतो, कारण टायरच्या कडेला तसा आकडा छापलेला असतो, पण तो आकडा जास्तीत जास्त किती चालेल याचा आहे, किती भरावी याचा नाही. माझं वजन ६२ किलो, टायर २९ बाय २.४ ट्यूबलेस, पुढे १८ आणि मागे २१ पीएसआय. तुमचं वजन जास्त असेल तर थोडं वर जा, आणि आत ट्यूब असेल तर अजून ४-५ वर, नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटली की पंक्चर. पद्धत सोपी आहे, स्वतःचा मीटरवाला पंप घ्या, नेहमीच्याच एका उतारावर दर वेळी २ पीएसआय कमी करत जा, रिम दगडाला ठक्क करून लागली की परत २ वाढवा, तोच तुमचा आकडा. आणि ट्यूबलेस कराच, बाभळीच्या काट्यांसाठी तरी करा, फक्त आपल्या उन्हात सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, दोन-तीन महिन्यांत वाळतं ते आठवणीनं टाकत राहायचं.

मग स्टीलमध्ये काहीच नाही का? आहे, आणि मला ते फार प्रिय आहे. तेवढ्याच घेराची, तेवढ्याच जाडीची नळी घेतली तर अॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच ताठ असतं. म्हणून अॅल्युमिनियमवाल्यांना नळ्या घेरानं मोठ्या कराव्या लागतात, आणि घेर वाढला की ताठपणा फार झपाट्यानं वाढतो. स्टीलच्या नळ्या बारीक राहू शकतात, त्यामुळे फ्रेम वरखाली नाही पण आडवी, पिळल्यासारखी किंचित हलते. तिरप्या खडकावरून जाताना मागचं चाक उडून बाजूला पडायच्या ऐवजी घसरत घसरत आपली जागा धरतं आणि मुरमावरची ती बारीक झणझण तळपायाला कमी येते. हे मी मोजून दाखवू शकणार नाही, ११ वर्षं तीच फ्रेम चालवून अंगाला कळलेलं आहे. साताऱ्याच्या एका शिक्षक वाचकांनीही जवळपास हेच लिहिलंय, त्यांनी पाणंदीच्या रस्त्यांबद्दल लिहिलंय की बैलगाडीच्या चाकोरीत चाक अडकलं तर स्टीलची सायकल ‘चिडत नाही’. शब्द मला फार आवडला. त्यांनीच एक कामाची गोष्टही सांगितलीय, काळ्या रानातून जायचं असेल तर फ्रेम घेताना मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना जागा किती आहे ते आधी बघा, नाहीतर पहिल्या पावसात चिखल असा दाबून बसतो की चाकच फिरत नाही आणि सायकल खांद्यावर.

प्रश्न: नमस्कार ताई. रत्नागिरीचा आहे, सड्यावर आणि जांभ्याच्या वाटांवर फिरतो. सेकंडहँड स्टील हार्डटेल मिळाली, वरून एकदम चकाचक. परवा सीटपोस्ट काढून सायकल उलटी केली तर लालसर पाणीच आलं!! आमच्याकडे खारं वारं आणि ४ महिने धो धो पाऊस, इथे स्टील घ्यायलाच नको होतं का?

उत्तर: अहो घाबरू नका, पण आता लगेच हात घाला, पुढच्या पावसाची वाट बघू नका. स्टीलची फ्रेम गंजते ती आतून. बाहेरून रंग असतो, आत कित्येक फ्रेमना काहीच नसतं. पाणी सीटपोस्टच्या कडेनं उतरतं, नळ्यांना वेल्डिंगसाठी ठेवलेल्या बारीक भोकांतून शिरतं, आणि सगळं येऊन साठतं खाली पेडलच्या कण्याभोवतीच्या डब्यात.

सीटपोस्ट काढा आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे तो खालचा डबा, उघडून घ्या, स्वतःला जमत नसेल तर दुकानात, पण समोर उभं राहून. टॉर्च मारून आत बघा. नुसती तांबूस पावडर असेल तर ब्रशनं घासून, झटकून, दोन-तीन दिवस उन्हात उलटीसुलटी करून वाळवा. पण पापुद्रे सुटत असतील, किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूनं हलकं ठोकल्यावर एखाद्या जागी आवाज बद्द येत असेल, तर ती फ्रेम चालवायची नाही.

वाळल्यावर रंगाच्या दुकानातून उकळलेलं अळशीचं तेल आणा, सुतार-रंगारी लाकडाला लावतात तेच. प्रत्येक नळीत थोडं थोडं सोडायचं, फ्रेम हातात धरून सगळ्या दिशांनी फिरवायची, भोकांना कागदी टेप लावायची नाहीतर अंगणभर तेल होतं, मग उलटी टांगून जास्तीचं निथळू द्यायचं. आठवडाभरात आत त्याचा पातळ चिवट थर वाळतो. एक गोष्ट मात्र अगदी कळकळीनं सांगते, त्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, अळशीचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. फडकी पाण्यात बुडवा किंवा दोरीवर सुटी सुटी पसरून वाळवा, मग टाका.

बॉटम ब्रॅकेटच्या खाली पाणी जायला भोक आहे का ते बघा, असलं तर बहुतेक वेळा चिखलानं बुजलेलं असतं, एक तार घालून मोकळं करा. सीटपोस्टला ग्रीस लावा आणि दर दोन महिन्यांनी एकदा बाहेर काढून पुसा, कारण अॅल्युमिनियमची पोस्ट स्टीलमध्ये खाऱ्या ओलाव्यात तशीच राहिली तर अशी धरते की मग करवतीनं कापून काढावी लागते, हे मी एका मैत्रिणीच्या सायकलवर दोन दिवस बसून केलंय, हाताला फोड आले होते. बाहेर टवका उडाला की त्याच दिवशी पॉलिश पेपरनं घासून वर नेलपॉलिश, माझ्या फ्रेमवर तीन रंगांचे ठिपके आहेत.

आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डहून एका मराठी वाचकानं लिहिलंय ते तुमच्यासाठीच आहे असं समजा. तो तिथल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत कॉटिक कंपनीची सोल नावाची हार्डटेल चालवतो, रेनॉल्ड्स ८५३ या स्टीलच्या नळ्यांची, वर्षभर पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. ९ वर्षं झाली, फ्रेम ठणठणीत. प्रत्येक हिवाळ्याआधी आतून तेल, आणि घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन सीटपोस्ट काढून उलटी ठेवणं, एवढंच करतो म्हणाला. तिथे इतका पाऊस असूनही स्टीलच्या हार्डटेलवर लोकांचा जीव आहे. कोकणातही चालेल, तुम्ही हात फिरवत राहिलात तर.

प्रश्न: सीट ट्यूबच्या (सीटपोस्ट बसते त्या नळीच्या) वरच्या टोकाला, क्लॅम्पच्या खाली रंगात केसासारखी बारीक रेघ दिसतेय. चढावर कट कट आवाजही येतो. ओळखीचा ग्रिलवाला म्हणतो ‘आण, ५ मिनिटांत वेल्डिंग मारतो’. मारू का? (नाशिक)

उत्तर: नका मारू! आणि तोपर्यंत सायकल चालवूही नका. आधी ती भेग आहे की नुसता रंग तडकलाय ते बघा. जागा पुसून रेघेवरचा रंग नखाएवढा खरवडा, भिंगातून बघा, धातूतही रेघ पुढे जात असेल तर भेग. अजून शंका असेल तर तुमच्याकडे सातपूर-अंबडला एवढे फॅब्रिकेशनवाले आहेत, वेल्ड तपासायचा लाल डाय आणि पांढरा स्प्रे कुणाकडे तरी सापडेल, पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की विषय संपला.

ग्रिलवाल्याच्या काडीनं का नाही, तर या नळ्या टोकाला जेमतेम मिलिमीटरभर आणि मध्ये ०.६ मिलिमीटरच्या आसपास असतात, काडीचा आर्क त्यातून आरपार जातो. इथे आर्गन वेल्डिंग पाहिजे, पातळ नळीवर हात बसलेल्या माणसाकडून, किंवा मग गॅसवर पितळेचं ब्रेझिंग, जुन्या सायकलच्या फ्रेम जोडत आले तसंच. आत तेल सोडलेलं असेल तर आधी सांगा, साफ केल्याशिवाय जोड स्वच्छ बसत नाही. भेग क्लॅम्पपाशी असेल तर दुरुस्ती शक्य आहे, माझ्या फ्रेमलाही ७ व्या वर्षी तिथेच भेग गेली होती, ब्रेझिंग करून घेतलं, त्यानंतर ४ वर्षं झाली. पण हेड ट्यूबपाशी, म्हणजे पुढच्या फोर्कच्या नळीजवळ असती तर मी तुम्हाला फ्रेम सोडून द्या म्हटलं असतं, तिथे तुटलं तर माणूस तोंडावरच पडतो.

दुरुस्तीनंतर एक दोरा घ्या, मागच्या एका ड्रॉपआउटपासून, म्हणजे मागचं चाक जिथे बसतं त्या खाचेपासून, पुढे हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीनं मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ आहे. आणि सीटपोस्ट किती आत आहे तेही बघा. ती कमी आत असली की सगळा जोर त्या टोकावर येतो, माझी भेग त्यानंच गेली होती. वरच्या आडव्या नळीच्या, म्हणजे टॉप ट्यूबच्या, जोडाच्या खाली उतरेल एवढी लांब पोस्ट घाला.

प्रश्न: मुलगा इंजिनिअरिंगला आहे, ७० हजाराची ‘लोखंडी’ सायकल मागतोय. आमच्या काळात लोखंडी सायकल स्वस्त आणि अॅल्युमिनियमची महाग होती! हे काय नवीन? (कोल्हापूर)

उत्तर: काका, प्रश्न अगदी बरोबर आहे. स्टील दोन प्रकारचं. स्वस्त माउंटन बाइकमध्ये असतं ते हाय-टेन्साइल, त्यात मजबुतीसाठी जाड नळ्या घ्याव्या लागतात आणि सायकल १६-१७ किलोवर जाते. तुमचा मुलगा मागतोय ती बहुतेक क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम थोडं थोडं घातलेलं ४१३० स्टील. ते इतकं मजबूत असतं की नळी मध्ये पातळ आणि टोकाला जाड करता येते. दुकानात गेलात तर फ्रेमच्या नळीवर टोकापासून मध्यापर्यंत नखानं टिचक्या मारत जा, मध्ये आवाज बदलतो, तेवढ्यानंही कळतं. अशी सायकल १३ किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच पैशातल्या अॅल्युमिनियमपेक्षा अर्धा-पाऊण किलो जास्तच असेल, ते लपवत नाही.

आणि नवीन तर मुळीच नाही. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पळवायची, २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांची रिपॅक नावाची शर्यत सुरू झाली. उतारावर पायब्रेकचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते परत भरावं लागायचं, म्हणून रिपॅक. त्यातल्याच जो ब्रीझनं १९७७ मध्ये खास डोंगरासाठी फ्रेम बनवली ती क्रोमोलीचीच, आणि १९८१ ची स्पेशलाइज्ड कंपनीची पहिली स्टंपजंपर माउंटन बाइकही स्टीलचीच. मुलाला फक्त एवढं विचारा की वर्षातून एकदा फ्रेम उघडून आतून तेल देणार आहेस का. हो म्हणाला तर द्या.

प्रश्न: वय ५४, डोंबिवली. कंबरेच्या मणक्यांचा (एल-४ एल-५) त्रास आहे, डॉक्टरांनी हळूहळू सायकलला परवानगी दिलीय. तुमचं वाचून स्टील हार्डटेल घ्यावीशी वाटतेय.

उत्तर: ताई, कच्च्या वाटांसाठी नका घेऊ. मला कितीही आवडत असली तरी हार्डटेलवर मागचं सस्पेन्शन म्हणजे आपले गुडघे, प्रत्येक दगडावर पेडलवर उभं राहून पायांनी दणका घ्यावा लागतो, आणि दमल्यावर माणूस नकळत सीटवर बसतोच, नेमका तोच दणका मणक्यात जातो. डॉक्टरांना ‘सायकल’ एवढंच न विचारता खडकाळ वाटेचं वेगळं विचारा. त्यांनी हो म्हटलं तर मागे सस्पेन्शन असलेली कुणाची तरी मागून घ्या, पाऊण तास चालवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पाठ कशी आहे ते मला लिहून कळवा, मग पुढचं बोलू.