इंजेक्शनसाठी शेत विकू का?

रावेर तालुक्यातले एक केळी उत्पादक विचारतात: 4 वर्षांच्या मुलाला आतड्यातल्या लसीकावाहिन्यांचा (चरबी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचा) दुर्मीळ आजार, लिम्फँजिएक्टेशिया, निघालाय. पाय सुजतात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरतं. नुसत्या पथ्याने भागलं नाही, म्हणून डॉक्टर ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याला एक इंजेक्शन सुचवतात. खर्च 20 हजार. एफडी 2 लाखांची, थोडं सोनं. विहिरीखालचं एकर विकू का?

भाऊ, आत्ता नका विकू.

या औषधाचा काही मुलांना चांगला गुण येतो, काहींना येतच नाही. आजार इतका विरळ की मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. म्हणून सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा: किती महिने बघायचं, अल्ब्युमिन कितीवर आलं तर चालू ठेवायचं? त्यांनी 3 महिने सांगितले तर 60 हजार झाले. वर तपासण्या, पित्ताशयाची सोनोग्राफी, मुंबईच्या फेऱ्या. हे एफडीत बसतं. गुण येतो की नाही हे कळायच्या आत बागायती एकर घालवलं, तर औषध बंद होईल आणि शेतही गेलेलं असेल.

गुण आला तर वर्षाला 2 लाख 40 हजार. केळी कापली की आधी इंजेक्शनचे पैसे वेगळ्या खात्यात टाका, बाकीची देणी मग. कमी पडलं तर सोनं बँकेत तारण ठेवा, सावकाराच्या दारात जाऊ नका. पुढे सिरोलिमस या दुसऱ्या औषधावर गेलात तर रक्तातली पातळी वरचेवर तपासावी लागते. तेव्हा हिशोब नव्याने मांडू.

पथ्याचा खर्च मात्र वर्षानुवर्षं चालणार, औषध लागू पडलं तरी. कमी चरबी, जास्त प्रथिनं आणि एमसीटी तेल (मध्यम साखळीच्या चरबीचं खास तेल). (शेवभाजीची तर्री त्याच्या ताटात नको, हे आजीला समजावणं सगळ्यात अवघड!) एमसीटी तेल लसीकावाहिन्यांना वळसा घालून थेट रक्तात जातं. महाग म्हणून त्याच्याऐवजी साधं खोबरेल वापरू नका, ते एमसीटी नव्हे.

नवा आरोग्य विमा काढलात तर आजार लपवू नका. आधीच्या आजारासाठी 36 महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि दाखल न होता घेतलेलं इंजेक्शन बहुतेक पॉलिसींत बसत नाही. महात्मा फुले योजनाही ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. मुंबईला जाल तेव्हा केईएमच्या दुर्मीळ आजार केंद्रात कागद दाखवून या. 2021च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात 50 लाखांपर्यंत मदत आहे, पण यादीतल्याच आजारांना; त्यामुळे तो पैसा धरून हिशोब करू नका.