म्युनिकला डबे सुरू करताय, तर मुलीचं चौथीचं वर्ष आधी बघा

यजमानांना म्युनिकला नोकरी लागलीय, मुलगी दुसरीत आहे, तिकडे मराठी डबे सुरू करायचेत, सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, व्यवसायाची नोंदणी वगैरे सरकारी संकेतस्थळावर नीट दिलेलं आहे. त्यात शिरत नाही.

मी २०१८ मध्ये डबे सुरू केले आणि पहिल्यांदा अडले ती फोडणीपाशी. युरोपात १४ ॲलर्जीकारक घटक ग्राहकाला सांगावेच लागतात. मोहरी त्यात, शेंगदाणे त्यात, गोड्या मसाल्यातले तीळही त्यात. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ग्लूटेन आलं. या घटकांचा मी भरलेला तक्ता दोनदा परत आला, तोही पोस्टाने. हिंग म्हणजे काय हे पत्रातून समजावताना मी रात्री रडलेय.

मार्च २०२० मध्ये ऑफिसं बंद झाली आणि चाळीस डब्यांचे सहा उरले. तरी चार महिने रेटलं, कारण माघार घ्यायची नाही एवढंच डोक्यात होतं. मग थालिपिठाची भाजणी पाकिटांतून विकायला काढली. जर्मन बायका पाकीट हातात घ्यायच्या, वाचायच्या, परत ठेवायच्या. करून दाखवल्याशिवाय कोण घेणार? म्हणून प्रौढांच्या शिक्षणकेंद्रात शनिवारी स्वयंपाकाचे वर्ग घेऊ लागले. आज पाकिटं खपतात ती त्या वर्गांमुळे. दोनदा धंदा बदलला, फोडणी तीच ठेवली.

पण डब्यांच्या पहिल्याच वर्षी माझा मुलगा चौथीत होता. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर या विषयांच्या गुणांची सरासरी काढतात आणि पाचवीपासून कुठली शाळा ते त्यावर ठरतं. २.३३ पर्यंत गिम्नाझिउम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा; २.६६ पर्यंत रेआलशूले, म्हणजे त्याखालची, दहावीपर्यंतची शाळा. इथे १ म्हणजे सर्वांत चांगला गुण. त्याला जर्मनमध्ये ३, गणितात २, परिसरात ३ मिळाले. २.६६. शिक्षिकेने हिवाळ्यात भेटायला बोलावलं होतं, मी ऑर्डर आहे म्हणून पुढे ढकललं. नंतर ती म्हणाली, घरी जर्मन बोलत नाही तुम्ही, म्हणून. हे वाक्य अजून टोचतं, आणि ती भेट त्याहून जास्त. रेआलशूलेनंतरही विद्यापीठापर्यंत जाता येतं, तो चाललाय त्या वाटेने. त्याने मला कधी बोल लावला नाही.

एकटेपणाचं विचारलंत. कामात जातो दिवस, त्याची धास्ती घेऊ नका.

मुलगी पाचवीत जाईपर्यंत दहाच डबे घ्या. आणि घटकांचा तो तक्ता माझ्याकडे आहे, मोहरीपासून हिंगापर्यंत जर्मनमध्ये भरलेला. मागा, पाठवते. तेवढ्या संध्याकाळी तिच्याजवळ बसता येईल.